उघाडीवरचा जिताडा

शत्रुघ्न भोईरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की तो आधी त्याचे हात बघायचा, मग पायातले बूट, आणि मग त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्याला हसू म्हणायला जीभ धजत नाही. विरार पूर्वेला एका नव्या इमारतीच्या तळाशी, मोबाइलवाला आणि केकवाला यांच्यामध्ये त्याचा अरुंद गाळा. भिंतीला रॉड उभे, काचेआड रिळं, आणि वर दोरीला टांगलेले लूर, म्हणजे जिताड्यासारख्या मोठ्या खाडीमाशाला भुलवायचे प्लास्टिकचे आणि लाकडाचे खोटे मासे. माणसं हे सगळं विकत घ्यायला यायची आणि त्याबरोबर थोडा अपमानही घेऊन जायची. अपमान फुकट मिळायचा आणि तो शत्रुघ्न मोजूनमापून कधीच देत नसे.

एकदा व्यायामशाळेत फुगवलेल्या दंडांचा एक गडी आला आणि म्हणाला, सगळ्यात मजबूत रॉड द्या. शत्रुघ्ननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जिताडा धरायचाय का ट्रक वढायचाय?" त्या गड्याच्या मागं उभी असलेली त्याची बायको हसली, आणि गडी जन्मात परत आला नाही. एका कॉलेजवाल्यानं गुलाबी रंगाचा लूर उचलला, कारण तो त्याला छान वाटला. "कोनाला छान वाटला? तुना? मासा तू हाय का?" तिसऱ्यानं गंजून बसलेलं रीळ आणलं, तेव्हा शत्रुघ्ननं ते दोन बोटांत असं धरलं, जणू मेलेला उंदीर. खाऱ्या पाण्यातून आणल्यावर गोड्या पाण्यानं धुवायला काय झालं होतं, असं विचारून वर म्हणाला, "सोता तरी धुतंस का रोज?"

त्याचं सगळ्यात आवडतं सावज होता प्लासिड. नंदाखाल गावचा हा पेन्शनर गृहस्थ खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून यायचा, मोबाइलवर पाहिलेला प्रत्येक नवा लूर घ्यायचा, आणि इतक्या वर्षांत त्याला जिताडा लागला नव्हता. "प्लासिडभाय, खाडीत नसतील एवढं मासं तुमच्या पेटीत हायत," शत्रुघ्न चार माणसांत म्हणायचा. प्लासिड हसून पैसे द्यायचा. त्या हसण्यामुळं शत्रुघ्नला तो आणखीच बिनकण्याचा वाटे.

चीड आणणारी गोष्ट ही, की शत्रुघ्न बरोबर असायचा. जिताड्यामागं लागलेली ही शहरी मंडळी खरोखरच काहीबाही करत होती. जाड रॉड घेतला की हलका लूर लांब जात नाही, हे त्यांना कळत नसे. जिताड्याच्या कल्ल्याच्या कडा पात्यासारख्या, म्हणून दोरीच्या टोकाला जाड नायलॉनचा तुकडा बांधावा लागतो. हे बांधत नसत आणि मग कंपनीला शिव्या देत. रिळाचा ब्रेक आवळून ठेवत, मासा पळाला की दोरी तुटे. लुरासोबत येणारे तीन काट्यांचे नाजूक गळ तसेच ठेवत, आणि मोठा मासा ते सरळ करून निघून जाई. शत्रुघ्न गळ बदलून द्यायचा, गाठ मारून द्यायचा, रॉडचं टोक वाकवून दाखवायचा, "इथं वाकला पायजे, मुठीत नाय." ज्ञान अस्सल होतं. पण ते तो असं द्यायचा की घेणाऱ्याला ते घेतल्याची लाज वाटावी.

चांदीपच्या पुढं, खाडीकडं उतरणाऱ्या वाटेवर त्याचं गाव. घरी बायको सुनंदा. मुलगा धनेश, एकुलता एक, लग्नानंतर वर्षभरात विरारला फ्लॅट घेऊन निघून गेला होता, त्याला आता चार वर्षं होत आली. गावात सांगायला कारण होतं, नोकरीला जवळ पडतं. खरं कारण एक रीळ होतं.

धनेशनं पहिल्या पगारात बापासाठी जपानी रीळ आणलं होतं. शत्रुघ्ननं खोका उघडला, दांडी फिरवली, कान लावला. धनेश समोर उभा, जागृती, त्याची नवी नवरी, दाराशी. "गिरनीवानी आवाज करतेय," शत्रुघ्न म्हणाला. रीळ उत्तम होतं. इतकं गुळगुळीत रीळ त्याच्या हातात त्याआधी कधी आलं नव्हतं. हे त्याला पहिल्या फिरकीतच कळलं होतं. पण कौतुक करायचं म्हणजे काय करायचं, हे त्या माणसाला येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते रीळ दुकानाच्या काचेआड विकायला ठेवलं आणि त्याच आठवड्यात विकलं. धनेशनं विचारलं तेव्हा म्हणाला, चांगली किंमत आली. बस, एवढंच. त्यावर ना भांडण झालं, ना कुणी आवाज चढवला. माणसं अशीच जातात.

मुलगा परत यावा असं शत्रुघ्नला वाटत होतं. फार वाटत होतं. सुनंदा जेवायला वाढताना दोनच पानं घ्यायची, तेव्हा त्याची नजर तिसऱ्या जागेकडं जायची आणि तो मिठाला नावं ठेवायचा.

यंदा मात्र निमित्त चालून आलं. गावाच्या खाजणाला, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेताला, मोठा बांध आहे आणि बांधात एक उघाडी. ओहोटीला उघाडीची फळी वर काढली की शेतातलं पाणी धो धो खाडीत पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी मासळी वाहत येते, आणि खालच्या खोल कोंडात जिताडे तोंड वर करून बसतात. तिथं जाळं लावायला गावकीची बंदी आहे. तिथं गळ टाकायचा मान दरवर्षी एका घराचा, दसऱ्यापासून होळीपर्यंत, आणि गळ टाकणारा हात त्या घराचाच लागतो. भाऊबंद चालत नाही, नोकर चालत नाही. त्या मानाचा पहिला जिताडा गावात वाटला जातो. मासा नाही लागला, तर पुढची कैक वर्षं लोक त्या घराचं नाव हसून घेतात. मान फिरत फिरत यंदा भोईरांकडं आला होता, आणि नेमका यंदाच शत्रुघ्नचा उजवा खांदा धरला होता. हात कानापर्यंत जात नव्हता, तर रॉड काय फेकणार? डॉक्टरनं व्यायाम सांगितला होता. शत्रुघ्नच्या मते डॉक्टरलाही काही कळत नव्हतं.

"धनेशला फोन कर," तो सुनंदाला म्हणाला.

"तुमी करा."

"मी क्याला करू? मानाला घरचा हात लागतो म्हनून सांग. मना काय त्याची गरज नाय."

सुनंदानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं फोन लावला आणि सांगितलं, "बाबांनी बोलावलंय. त्यांना बरं वाटंल तू आलास तर." दुसरं वाक्य तिचं स्वतःचं होतं, पण खोटं नव्हतं.

धनेश आला. उधाणाच्या ओहोटीचा रविवार होता, दिवाळी होऊन गेलेली, भात कापून झालेला. बरोबर जागृतीही आली. तिला पाहून सुनंदानं पदर डोळ्याला लावला. शत्रुघ्न म्हणाला, "उशीर केलास." ओहोटी लागायला अजून अवकाश होता.

बांधावर अर्धं गाव जमलं होतं. मान ज्याचा, त्याची फजिती बघायला सगळेच मोकळे असतात, आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची फजिती केली त्याची बघायला तर कामं टाकून येतात. विरारहून चारदोन गिऱ्हाइकंही आली होती. प्लासिड त्याच्या खिसेवाल्या जाकिटात, मासा उचलायची लांब दांड्याची झोळी घेऊन हजर. शत्रुघ्ननं त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

धनेशनं पेटी उघडली आणि मळकट सोनेरी रंगाचा, बोटभर लांबीचा लूर निवडला. उघाडीचं पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात सोनेरी दिसतो. नदीच्या नितळ पाण्याला चंदेरी, खाडीच्या गढूळ पाण्याला सोनेरी. शत्रुघ्ननं हे मुलाला कधी शिकवलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांना झापताना धनेशच्या कानावर पडलं असेल तेवढंच. लूर बरोबर होता, गळ बदललेले होते, गाठ नीट होती. शत्रुघ्नच्या छातीत काहीतरी सुखावलं. आणि तोंडानं म्हणाला, "लगनातला घागरा वाटतो."

जमलेल्या लोकांत कुणीतरी खिदळलं. धनेशनं मान वर केली नाही. "चालेल, बाबा," एवढंच म्हणाला.

फळी वर गेली. पाणी कोसळायला लागलं. धनेश उघाडीच्या भिंतीवर उभा राहून फेकत होता, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, लूर पाण्याबरोबर खाली वाहू देत, मधेच एक हलका झटका, मग पुन्हा वाहू देत. अगदी तसंच, जसं करायला पाहिजे. शत्रुघ्न मागं उभा, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा चालू. मनगट फिरव. कोपर नको. लांब गेला. जवळ पडला. झाडाला अडकवशील. अरे, पानी बघ ना, पानी. दुकानात ही माणसं पैसे देऊन ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी घरी जाऊन विसरायची. धनेशला विसरायला जागा नव्हती. जागृती सासूजवळ दगडावर बसून नवऱ्याच्या पाठीकडं बघत होती. ती एकदाही सासऱ्याकडं बघत नव्हती, आणि सुनंदाला ते कळत होतं.

"गप बसा ना जरा," सुनंदा म्हणाली.

"मी काय बोल्लो?" शत्रुघ्न म्हणाला. खरोखरच त्याला वाटत होतं की तो काही विशेष बोलला नाही.

मग लागला. पाण्यात थपकन आवाज झाला, रॉड मधोमध वाकला, आणि रीळ किंचाळायला लागलं. धनेशनं झटका दिला, पण बेतानं, आणि दोरी जाऊ दिली. ब्रेक कुणीही न सांगता बरोबर लावलेला होता. कोंडाच्या पलीकडं जिताडा पाण्याबाहेर उसळला, तोंड उघडं, डोकं झाडत. त्याला पाहून बांधावर बसलेली माणसंही उठून उभी राहिली. एवढा मासा त्या उघाडीवर कुणी पाहिला नव्हता.

जिताडा उसळला की रॉडचं टोक खाली घालायचं असतं, दोरी सैल सोडायची असते, नाहीतर तो डोकं झाडून गळ उडवून लावतो. धनेशनं टोक खाली घातलं. उसळी संपायच्या आत घातलं. शत्रुघ्ननं ते पाहिलं. आपण स्वतः यापेक्षा चांगलं केलं नसतं, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. आनंद झाला, भीतीही वाटली, आणि या माणसाला दोन्हींसाठी एकच भाषा येत होती.

"काठी खाली! काठी खाली घाल, आंधळा हाय का? घालवनार, ह्यो घालवनार. ह्याच्या हातानं कवा काय धड झालंय?"

सगळ्या गावासमोर. आईसमोर, बायकोसमोर.

धनेश वळला. रागावलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सुनंदानं पुढं शेजारणीला सांगितलं. त्यानं वाकलेला रॉड बापाच्या डाव्या हातात दिला, खालची मूठ नीट काखेत बसवली, म्हातारपणी माणसाला काठी देतात तशी. "घ्या, बाबा. मासा तुमचाच आहे." मग तो भिंतीवरून उतरला, बांध चढला, जागृतीनं पिशवी उचलली आणि दोघं मोटरसायकलवर बसून निघून गेले. कुणी त्यांना हाक मारली नाही. हाक मारायची होती ती एकानंच, आणि त्याच्या हातात जिताडा होता.

पुढचा पाऊण तास बांधावर जे झालं ते बघवण्यासारखं नव्हतं. डाव्या हातानं रॉड पोटाशी दाबून, उजव्यानं कशीबशी रिळाची दांडी फिरवत, शत्रुघ्न त्या माशाला थकवत होता. कुणी पुढं येत नव्हतं. घरचा हात लागतो हा नियम होताच, पण झोळी धरायला कुणी आलं असतं तर गावकीनं काही अडवलं नसतं. लोक आले नाहीत ते नियमामुळं नाही. प्रत्येकाला या माणसानं कधी ना कधी काहीतरी ऐकवलेलं होतं, आणि प्रत्येकजण आज फुरसतीत होता.

मासा शेवटी भिंतीखाली आडवा झाला. आता झोळी हवी होती. शत्रुघ्ननं भोवती पाहिलं. "जरा या" हे दोन शब्द. ते त्याला सुचलेच नाहीत. आला तो प्लासिडच, न बोलावता, जाकीट सावरत, पालथा पडून त्यानं झोळी खाली सोडली ती नेमकी शेपटाकडून.

"डोक्याकडनं, अरे डोक्याकडनं," शत्रुघ्न ओरडला. "एवढं बी कळत नाय, जलमभर लूरच जमवलं—"

प्लासिड पडल्या पडल्या मान वळवून म्हणाला, "शत्रुघ्न, आता तोंड बंद ठेव." इतक्या वर्षांत तो प्रथमच अरे-तुरेवर आला होता. मग त्यानं आपल्या गबाळ्या पद्धतीनं, शेपटाकडूनच, तो जिताडा झोळीत कोंबला आणि वर ओढला. निघाला. सगळं चुकीचं करून मासा निघाला.

मासा गावात नेला. मारुतीच्या पारावर केळीची पानं अंथरून, भावकीतली सगळ्यात म्हातारी भागूबाई विळी घेऊन बसली. मानाचा मासा तीच कापते. एकेका घराचा वाटा होत गेला. शेवटी डोकं उरलं. जिताड्याचं डोकं म्हणजे सगळ्यात चविष्ट, आणि मानाच्या माशाचं डोकं ज्याच्या हाताला तो लागला त्याचं.

"डोकं कोनाचं?" भागूबाईनं विचारलं. तिला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

शत्रुघ्न म्हणाला, "वर कुनी काढला?"

"लागला कोनाला, ते इचारतंय मी."

शत्रुघ्ननं खाली बघत मुलाचं नाव घेतलं. भागूबाईनं डोकं स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा सुनंदाकडं न देता त्याच्यासमोर धरला. "मंग तूच ने. बापानं न्यायचा आसतो."

विरारला जाताना रिक्षात तो मांडीवर डबा धरून बसला होता आणि एक वाक्य घोळवत होता. चांगला खेळवलास. शब्द दोनच होते, आणि तेवढे पुरे होते. इमारतीच्या फाटकाशी त्यानं ते एकदा पुटपुटून पाहिलं. तोंडात नीट बसलं. लिफ्टमध्ये पुन्हा म्हटलं. दार धनेशनं उघडलं.

"डोकं आनलंय," शत्रुघ्न म्हणाला. "भागूबाय बोल्ली, तुझं हाय."

धनेशनं डबा घेतला. बाप काही बोलेल म्हणून उभा राहिला. खरंच उभा राहिला, दाराला हात लावून, चांगला वेळ. शत्रुघ्ननं तोंड उघडलं.

"झटका जरा उशिरा दिलास," तो म्हणाला.

धनेशनं मान हलवली. "हो, बाबा." मग, "पाणी देऊ?"

"नको."

दार आवाज न करता लागलं. शत्रुघ्न जिन्यानं उतरायला लागला, लिफ्ट आहे हे विसरून. एक मजला खाली आल्यावर थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं, आणि दुकानात आलेल्या कुठल्याही अडाण्याबद्दल वाटली नव्हती एवढी चीड त्याला स्वतःबद्दल वाटली. तो परत वर चढला. धरलेला खांदा ठणकत होता. त्यानं घंटी वाजवली.

या वेळी दार जागृतीनं उघडलं. तिच्या मागं, आतल्या खोलीत, धनेश पाठमोरा बसलेला दिसत होता. इथून बोललेलं त्याला ऐकू गेलं असतं.

"काय राहिलं का, मामा?"

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. शत्रुघ्ननं सुनेकडं पाहिलं, मुलाच्या पाठीकडं पाहिलं.

"डबा," तो म्हणाला. "डबा राहिला."

जागृती आत गेली. नळ वाहिल्याचा आवाज आला, मग भांडं पुसल्याचा. ती आली आणि तिनं दोन्ही हातांनी डबा दिला, झाकण लावून. "सावकाश जा," म्हणाली.

जिन्यात वळणावर तो थांबला. एका घरातून दुसऱ्या घरी गेलेला डबा कुणी रिकामा परत देत नाही. असेल ते घालतात, दोन लाडू, मूठभर शेंगदाणे, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर तरी. सुनंदानं आयुष्यात कुणाचा डबा तसा पाठवला नव्हता, आणि जागृती तिच्याच हाताखाली वर्षभर राहिलेली होती. शत्रुघ्ननं डबा काखेत धरून डाव्या हातानं झाकण काढलं आणि जिन्यातल्या दिव्याखाली धरला.

आतून स्वच्छ पुसलेला होता. साखरेचा एक दाणाही नव्हता. त्यानं झाकण लावलं आणि खाली उतरला.